दहा वजा

"छत्तीस," टेलरमास्तरची बायको म्हणाली, आणि मशीनपाशी वही उघडून बसलेल्या मास्तरनं मान वर न करता विचारलं, "काटके बोली, की वैसाच?"

त्या टेपचं पितळी टोक कधीच गळून पडलं होतं आणि पहिला इंच झिजून त्याच्या दशा निघाल्या होत्या. म्हणून बाई माप एकच्या आकड्यापासून धरत आणि मग आलेल्या मापातून एक काढावा लागे. कधी त्या काढून सांगत असतील, कधी विसरत असतील. मास्तर प्रत्येक मापाला विचारत होता. "काटके," बाई म्हणाल्या. मास्तरनं छत्तीस लिहिलं. एवढंच झालं. परभणीच्या स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीतलं ते दुकान, दुपारचे साडेतीन, समोर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आणि निकिता दोन्ही हात पसरून उभी होती ती तशीच उभी राहिली. हो गया बेटा, हात नीचे, असं बाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा हात खाली आले. पण नजर टेपच्या त्या झिजलेल्या टोकावरून हलेना. कारण काल मैदानावर हाच प्रश्न विचारायचा होता आणि तो कोणी विचारला नव्हता.

शिवायला टाकलेला ड्रेस नांदेडसाठी होता. निकिता दोन वर्षं पोलीस शिपाई होती, त्याआधी नऊ महिने प्रशिक्षणात, आणि त्याआधी सेलूच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची बी.एस्सी. या पावणेतीन वर्षांत खाकीशिवाय तिनं नवं काही शिवून घेतलं नव्हतं. आता नांदेडला एका सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. मुदत दोनदा वाढवून घेतली होती. आता वाढणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मुदत वाढवावी लागली, कारण मुख्यालयातले राखीव निरीक्षक तिला सोडत नव्हते. माणसंच नव्हती. मंजूर जागांतला चौथा हिस्सा रिकामा, आणि जे भरले जात होते तेही टिकत नव्हते. तिच्याच तुकडीतली एक तलाठी होऊन गेली, एक ग्रामसेवक, एक लग्नानंतर पुण्याला जी गेली ती गेलीच. हवालदार सूर्यभान म्हणायचे, आमी वरून भरायलाव आन् खालून गळायलंय, आमाला बुडाकडं बघायला टाइम न्हाई. भरती संपेपर्यंत थांब, मग सोडतो, असा निरीक्षकांचा शब्द होता. भरतीच्या मैदानी चाचण्या उद्या दुपारी संपायच्या होत्या. उद्या अकराला तिला कार्यमुक्तीचा आदेश मिळणार होता आणि सोबत एक दाखला: सदर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. त्या दाखल्याशिवाय नांदेडवाले हजर करून घेणार नव्हते. दाखला टाइप होऊन निरीक्षकांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. सकाळी तिनं तो उलटा दिसत असतानाही वाचला होता, आणि आपल्या नावातल्या दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व आहेत ना, हेही बघून घेतलं होतं.

ती गल्लीतून बाहेर आली आणि कुठं जायचं ते न ठरवता चालू लागली. काल मुलींची गोळाफेक होती. टेप पोलादी, तीस मीटरची. तिची कडी पहिल्याच दिवशी तुटली होती आणि सुरुवातीचा तुकडा मुडपून गेला होता. दुसरी मागवली होती, ती आली नव्हती. मग सूर्यभानदादांनी काल सकाळच्या हजेरीला सगळ्यांना सांगितलं, की गोळ्याच्या खुणेवर टेपचा दहा सेंटीमीटरचा आकडा धरायचा आणि जे माप येईल त्यातून दहा वजा करायचे. यात काही गैर नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतसुद्धा सर सांगायचे, पट्टीच्या टोकावर विश्वास ठेवू नका, टोक झिजतं, आतल्या आकड्यापासून मोजा. दादांचं सांगणं ऐकून तिला त्या सरांची आठवण झाली होती आणि बरंही वाटलं होतं. दादांनी फक्त एक सांगितलं नव्हतं: वजा कोणी करायचे. सकाळी वर्तुळापाशी टेप वाचायला प्रियंका होती. टेपवर दिसेल ते ती ओरडून सांगायची आणि टेबलावर बसलेली निकिता मनात दहा काढून तक्त्यात लिहायची. उमेदवार सही करायची, पुढची यायची. नव्वद मुली अशा झाल्या. त्यात एकही चूक नव्हती, हे निकिता छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. मग बाराच्या सुमाराला गेटवर पालकांची रेटारेटी झाली, गेटवर एकही महिला शिपाई नव्हती, म्हणून प्रियंकाला तिकडं नेलं आणि तिच्या जागी वाहतूक शाखेतला परमेश्वर आणून उभा केला. परमेश्वर हजेरीला होता. दहा वजा करायचे, हे त्यानंही ऐकलं होतं. आणि परमेश्वर असा माणूस होता, की सांगितलेलं काम दुसऱ्यावर ढकलायचा नाही.

म्हणजे त्यानं दहा काढले आणि मीही दहा काढले. तिनं हे वाक्य मनात नीट मांडून पाहिलं, गणित मांडतात तसं. मग ते मोडून पाहिलं. कदाचित त्यानं काढले नसतील. कदाचित तो प्रियंकासारखाच दिसेल ते सांगत असेल. दुपारनंतर आकडे एकदम खाली आले होते, हे तिच्या कालच लक्षात आलं होतं. तेव्हा तिनं त्याचं कारण ऊन धरलं होतं. सकाळच्या मुली ताज्या, दुपारच्या उपाशी, तासन्‌तास रांगेत बसलेल्या. कारण पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं कारण पहिल्यांदा सापडलं की माणूस पुढं शोधत नाही, हेही त्याच सरांचं वाक्य. तिला घाम आला होता आणि हातातली पिशवी ती या हातातून त्या हातात उगाच घेत होती. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं ओळखून "जय हिंद म्याडम" म्हटलं, तर तिचा हात अर्धा वर गेला. साध्या कपड्यांत सलामीला उत्तर देत नाहीत. नऊ महिन्यांत अंगानं काय काय शिकून ठेवलं होतं, ते अंग तिला न विचारता करत होतं.

आणि मग तिला ती रेघ दिसली. मैदानावर दर अर्ध्या मीटरला चुन्याची रेघ मारलेली होती, कारण अर्ध्या मीटरागणिक गुणांची पायरी बदलते. रेघा सूर्यभानदादांनी पहिल्या दिवशी, कडी तुटायच्या आधी, स्वतः मोजून आखल्या होत्या. दुपारी चारच्या आसपास छातीवर अकराशे सत्तेचाळीस नंबर लावलेली एक मुलगी आली. बारीक, उन्हानं रापलेली, गोळा हनुवटीखाली धरताना डोळे मिटून घेणारी. प्रत्येकीला तीन संधी, त्यातली सर्वांत लांबची धरायची. तिचे पहिले दोन गोळे जवळच पडले. तिसरा पाच मीटरच्या रेघेपलीकडं जाऊन रुतला. काळ्या मातीत खड्डा, आणि त्याच्या अलीकडं चुन्याची पांढरी रेघ जशीच्या तशी, कुठंही न तुटलेली. परमेश्वरनं टेप वाचून ओरडून सांगितलं, पाच मीटर सहा. निकितानं लिहिलं, चार मीटर शहाण्णव. रेघ पाचवर होती आणि खड्डा रेघेच्या पलीकडं होता. चार शहाण्णव असता, तर खड्डा रेघेच्या अलीकडून सुरू झाला असता, चुना विस्कटला असता. हे तिनं काल बघितलं होतं. तिच्या डोळ्यांनी ते घेतलं होतं, साठवलं होतं, आणि हातानं भलतंच लिहिलं होतं. त्यानंतर फावडं आलं, खड्डा बुजला, माती सपाट झाली.

मुलगी सही करायला वाकली तेव्हा तक्त्याकडं बघून थांबली होती. "म्याडम, पाच सहा म्हणले की ते," ती म्हणाली होती. भांडायचा सूर नव्हता, विचारत होती. आणि निकिता म्हणाली होती, "सही कर. पुढं हो."

मुलीनं सही केली. शिवकन्या, हे एवढं लांब नाव तिनं घामेजल्या हातानं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. आज सकाळी पात्र-अपात्रांची यादी नोटीस बोर्डावर निकितानंच लावली होती. पन्नासपैकी पंचवीस लागतात; अकराशे सत्तेचाळीसला तेवीस होते. यादी टाचताना तो नंबर तिच्या अंगठ्याखाली आला होता आणि तिला काहीही वाटलं नव्हतं.

सही कर, पुढं हो. हे शब्द तिचे नव्हते. म्हणजे तिच्या तोंडचे होते, पण आवाज दुसऱ्याचा होता, आणि तो कुणाचा हे चालता चालता तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीवर बसली. तिचे वडील किशनराव सेलूच्या मोंढ्यात मापाडी. शाळा सुटली की ती त्यांचा डबा घेऊन जायची आणि काट्याशेजारी पोत्यांच्या थप्पीवर बसून आकडे ऐकायची. पोत्याचं वजन करायचं, त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन कापायचं, मग आकडा पुकारायचा. एकदा एक म्हातारा शेतकरी, तुरीची सात-आठ पोती घेऊन आलेला, वडिलांच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला होता, मापाडी, बारदान दोनदा कापलं बगा. वडिलांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागं गाड्यांची रांग लागली होती. "पावती घ्या. पुढं चला," ते म्हणाले. म्हातारा पावती घेऊन गेला. वडील लबाड नव्हते. त्यांच्या काट्यावर माल घालायला लोक दुरून यायचे. त्या दिवशी खरंच दोनदा कापलं होतं की म्हाताऱ्याचा हिशोब चुकला होता, हे निकिताला आजपर्यंत माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी डब्यातली भाकरी वडिलांनी अर्धीच खाल्ली, एवढं तिला पक्कं आठवत होतं, आणि त्याचा अर्थ ती इतकी वर्षं, भूक नसेल, असा लावत आली होती.

परमेश्वर चौकात एकटाच होता. चौघांची जागा, एक माणूस. एका हातानं रिक्षा अडवत आणि दुसऱ्यानं शिट्टी धरत तो तिच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, नांदेडच्या साहेबीण आज चौकात कामून? तिनं सरळ विचारलं. काल तुम्ही आकडा दहा काढून सांगत होता की तसाच? त्याला प्रश्न कळायला वेळ लागला नाही. "काढूनच की, ताई. दादांनी सांगितलं होतं ना हजेरीला." मग त्यानं एक रिक्षा पुढं सोडली. "एखाद्या टायमाला उन्हात राहिलं बी असंल. पण काढूनच बोलायलो मी." मीही काढत होते, ती म्हणाली. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चौकातून गेला, तो पूर्ण जाईपर्यंत परमेश्वर हात आडवा धरून उभा राहिला. हातातली शिट्टी त्यानं खिशात टाकली. घरी त्याला दीड महिन्याची मुलगी होती आणि बारा दिवसांत एक सुट्टी मिळाली नव्हती, हे सगळ्या मुख्यालयाला माहीत होतं. तो जवळ येऊन म्हणाला, "सोमवारी जायलीस ना तू? मंग जा की गपचिप. मैदानावर काढलेल्या व्हिडिओत टेप दिसत न्हाई. मी कुणाला सांगत न्हाई. लय झालं तर तू न्हाई, मीच चुकलो म्हणीन." तो मनापासून बोलत होता. तो भला माणूस होता, आणि त्याचा भलेपणाच तिला सहन होईना. त्यानं धमकी दिली असती तर तिला काय करायचं ते लगेच कळलं असतं.

मुख्यालय तिथून वीस मिनिटांच्या अंतरावर. तिनं रिक्षा केली नाही. चालताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला पोचायला उशीर व्हायला हवा होता. दुपारच्या मुली चौसष्ट. पायरी अर्ध्या मीटरची, चूक दहा सेंटीमीटरची. म्हणजे साधारण पाचातल्या एकीची पायरी घसरली असणार, बारा-तेरा मुली. त्यातल्या सगळ्याच नापास झाल्या नसतील. काहींचे धावण्यात भरपूर गुण असतील, काही तशाही गेल्या असत्या. उरतात चार, फार तर पाच. पाच मुली. हा आकडा काढून झाला आणि तिच्या लक्षात आलं, की आपण मोजत नाही, घासाघीस करतोय. मग ती दुसऱ्या बाजूनं गेली. समजा सांगितलं. खुणा बुजल्यात, आता खरं माप जगात कुठंच नाही. पुन्हा फेकायला लावतील. पण एकच हात, एकच गोळा, तरी दोन दिवशी दोन मापं येतात. शिवकन्या काल पाच सहावर होती, उद्या चार ऐंशीवर असेल. मग काय मिळवलं? एका मुलीचं दोनदा नुकसान आणि आपलं नांदेड. हा विचार इतका बिनचूक होता, की तिला त्याची भीती वाटली. तिसरा मार्ग: उद्या अकराला आदेश आणि दाखला हातात घ्यायचा आणि सव्वाअकराला सांगायचं. पण उद्या मैदान बंद झालं की बारा वाजता यादी कायम. त्या पाऊण तासात चौसष्ट मुली जिल्हाभरातून कोण आणणार. सांगायचं तर आज, नाहीतर न सांगणं. मधला तुकडा नव्हताच.

प्रशिक्षणात रगडा असायचा. एकीची चूक झाली की सगळ्या तुकडीला शिक्षा; कोपरांवर मैदान पार करायचं, दुपारच्या खडीवर. पहिल्या महिन्यात निकितानं एकदा हात वर करून सांगितलं होतं, की सर, मोजणीत चूक माझी झाली, आमच्या रांगेत एक जण कमी आहे. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी शाबासकी दिली आणि सगळ्यांना रगडा दिला. त्यानंतर चार दिवस खोलीतल्या अकरा जणींपैकी कोणी तिच्याशी बोललं नाही. एकीनं फक्त तिच्या पलंगाजवळून जाताना म्हटलं, लय शाणी हायेस बाई तू. त्यानंतरच्या आठ महिन्यांत तिनं हात वर केला नव्हता. कोणीच केला नव्हता. चुका व्हायच्या, पण त्या कुणाच्याच नसायच्या, आणि तुकडी पहिली आली होती. नऊ महिन्यांत आपण नक्की काय शिकलो, असं नांदेडच्या मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा तिनं शिस्त असं उत्तर दिलं होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं. आत्ता तिच्या कोपरांना खडी टोचायला लागली. सांगितलं तर परमेश्वर येणार चौकशीत, प्रियंका येणार, टेप वेळेत बदलली नाही म्हणून सूर्यभानदादा येणार, ज्यांना निवृत्तीला सात महिने होते. सगळ्या तुकडीला. गेटवरच्या माणसानं तिला बघून कडी काढली आणि ती आत गेली. आपण ठरवलंय का, हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं. फक्त परत फिरायचं तर गेटवर काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तिला सुचलं नाही.

निरीक्षक सह्या करत होते. ती सावधानमध्ये उभी राहून बोलली, सुरुवातीपासून, क्रमानं, प्रयोगाची वही वाचावी तसं. बोलताना तिची नजर त्यांच्या डाव्या हाताखालच्या कागदांच्या गठ्ठ्यावर होती. तिचा दाखला वरून तिसरा होता. निरीक्षकांचं पेन मध्येच थांबलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: किती जणी, आणि कागदावरच सगळ्यांना दहा वाढवून देता येतील का. ती म्हणाली, चौसष्ट सर, आणि नाही सर, परमेश्वरला स्वतःला प्रत्येक वेळचं खात्रीनं सांगता येत नाही, आणि कागदावर वाढवले तर सकाळच्या नव्वद जणी विचारतील. ते खुर्चीत मागं टेकले. पंखा फिरत होता. बाहेर कवायतीच्या मैदानावर उद्याच्या रांगांसाठी कुणीतरी बांबू ठोकत होतं.

"हे तू उद्या दुपारी सांगितलं असतंस तर?"

"उद्या दुपारी यादी कायम झाली असती, सर."

"आणि तू नांदेडला असतीस."

त्यांनी गठ्ठ्यातून तिचा दाखला काढला, वाचला, आणि फाडला नाही की चुरगाळला नाही; नुसता पालथा करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. "चौकशी मलाच लावावी लागणार," ते म्हणाले. "चौकशी लागली की तुला सोडता येत नाही. सहा महिने धर. म्हणजे बघ, भरती न करता मला एक माणूस मिळालं." हे ते विनोदानं म्हणाले असावेत, पण हसले नाहीत, आणि निकिताला वाटलं, हा माणूस आपल्यापेक्षाही थकलेला आहे. त्यांनी सूर्यभानदादांना आत बोलावलं. चौसष्ट मुलींना आजच फोन करायचे, उद्या पहाटे पाचला मैदानात, लांबच्यांची मुक्कामाची सोय हॉलमध्ये, नवी टेप कुणाकडूनही पैदा करायची. उद्या मापाच्या टेबलावर कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादांनी ड्युटीचा तक्ता उलटा-सुलटा केला. चौदा जण गंगाखेडच्या बंदोबस्ताला, सहा परीक्षा केंद्रांवर, दोघी बाळंतपणाच्या रजेवर, प्रियंका गेटवर. "कुणीच न्हाई, सर," दादा म्हणाले. "हिलाच बसवावं लागतंय." निरीक्षकांनी तिच्याकडं बघितलं, बराच वेळ, जणू एखादी वस्तू अजून वापरात घेता येईल का हे ठरवत असावेत. मग म्हणाले, बसव, शेजारी मी उभा राहतो.

बाहेर व्हरांड्यात दादांनी तिच्यासमोर यादी ठेवली आणि खुर्ची ओढून दिली. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "टेप मी तवाच बदलायला पायजे होती, पोरी. तू एकलीच न्हाई, म्या बी मोजाय चुकलो." आणि तंबाखूची डबी काढून पुन्हा खिशात ठेवली. साडेसहा वाजले होते. पहिली मुलगी मानवतची, तिच्या आईनं फोन उचलला आणि ही भरतीच्या नावाखाली फसवणारी कुणीतरी आहे असं समजून ठेवून दिला. दादांना स्वतः बोलावं लागलं. सेलूची एक रडायलाच लागली. एकीनं उचलला नाही. निकिता आकडे दाबत होती, एकच मजकूर बोलत होती, खूण करत होती, आणि अकराशे सत्तेचाळीस दोनदा ओलांडून पुढं गेली होती. तिसऱ्यांदा तिनं तो नंबर लावला.

खूप वेळ रिंग गेली. मग इंजिनाची घरघर, माणसांचा कालवा, आणि त्यातून एक बारीक आवाज, कोन बोलायलंय. निकितानं नाव सांगितलं, मुख्यालयातून बोलतेय म्हणून सांगितलं. शिवकन्या एसटीत होती. गंगाखेडहून परळीला निघालेली गाडी, परळीहून रात्रीची गाडी धरून ती सांगलीकडं जाणार होती. आई-बाप तिकडं ऊसतोडीला, टोळीत एक माणूस कमी पडत होतं. भरतीत नाही झालं तर निघून ये, असं बापानं सांगून ठेवलं होतं, आणि आज दुपारी तिला कुणीतरी यादीचा फोटो पाठवला होता. हे सगळं तिनं तीन वाक्यांत सांगितलं, तक्रार न करता. निकितानं मजकूर बोलायला सुरुवात केली, तांत्रिक कारणास्तव मोजमाप पुन्हा, आणि मध्येच थांबली. व्हरांड्यातला दिवा कुणीतरी लावला. तिनं मजकूर सोडला आणि म्हणाली, तुझं माप मी चुकीचं लिहिलं. दहा कमी लिहिलं.

"म्याडम, मी तवाच म्हणले होते की."

"हो. म्हणली होतीस."

गाडी कुठल्यातरी खड्ड्यातून गेली. फोनमध्ये खिडक्यांच्या काचा खळखळल्या. निकिताला वाटलं ती आता बोलणार नाही, फोन ठेवून देईल, आणि ते योग्यच होईल. पहाटे पाचला परभणी. उतरायचं अनोळखी फाट्यावर, उलटी गाडी शोधायची, आणि बापाला सांगायचं काय. एका मुलीनं एकदा विचारलं होतं आणि तिला पुढं हो म्हणून सांगितलं होतं. आता तीच बाई मागं ये म्हणून सांगत होती.

"आन् उद्या तेवढा न्हाई गेला तर?" शिवकन्यानं विचारलं.

जाईल, असं म्हणायला निकितानं तोंड उघडलं. तिला ते माहीत नव्हतं. "जेवढा जाईल तेवढा लिहीन," ती म्हणाली.

"लिवायला तुमीच असणार?"

"मीच."

पलीकडून पुन्हा फक्त इंजिन. निकितानं फोन कानाला इतका घट्ट दाबून धरला होता, की तिला स्वतःच्या नाडीचे ठोके फोनमधून आल्यासारखे ऐकू येऊ लागले आणि ते ती मोजायला लागली, एक, दोन, सात, अकरा. मग शिवकन्याचा आवाज आला, पण तिच्याशी बोलणारा नव्हता. तोंड दुसरीकडं वळवून, मोठ्यानं, कंडक्टरला हाक मारणारा. गाडीतली घंटी वाजली, एकदा. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. निकिता दुसऱ्या घंटीची वाट बघत राहिली. ती वाजली नाही, आणि इंजिनाचा आवाज हळूहळू खाली येऊ लागला.